आठ कॉम्प्युटर आणि एक पिंपळपान

घाटकोपर पूर्वेला हायवेच्या कडेला जी वस्ती आहे, तिथे कुणाचा लॅपटॉप मेला की पिशवीत घालून किरण धिवारकडे आणतात. किरणचं वय एक्केचाळीस. लग्न केलेलं नाही, घरात तो आणि आई चंपाबाई. साकीनाक्याला प्लास्टिकचे साचे बनवणारा एक कारखाना आहे, तिथले कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी. दुकानदाराने भंगारात टाका म्हणून सांगितलेलं मशीन हा दोन दिवसांत उठवून बसवतो. पैसे घेत नाही. अट एकच, विंडोज परत टाकून मिळणार नाही, लिनक्स मिळेल. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट वाटलेली, कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली यंत्रणा. हे एवढं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या घरातून मशीन बाहेर पडत नसे.

बोलायला लागला की थांबायचा नाही, हा त्याचा जुना दोष. आणि गेमचा विषय निघाला की मग तर विचारूच नका.

लिनक्सवर खेळणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो दुकानाचा. गेम आता डब्यात मिळत नाहीत, नेटवरच्या दुकानातून उतरवून घ्यायचे. एक आहे ते मोठं दुकान. विंडोजसाठी बनवलेला गेमही तिथून घेतला की लिनक्सवर एका बटणात चालतो. मित्र भेटतात, टोळी जमते, सगळं झकास. पण घेतलेला गेम आपला होत नाही. दुकानात आपलं खातं आहे तोवर खेळायचा, खातं गेलं की गेम गेला. दुसरं दुकान अख्खी फाइल हातात देतं. ती कायमची आपली, उद्या दुकान बुडालं तरी आपली. पण तिथे लिनक्सवाल्याला कोण विचारतो? गेम चालवायचा तर खटपट ज्याची त्याने करायची.

किरणचा कौल ठरलेला होता. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर उभा राहून तो पोरांना सांगायचा, खोली नावावर नसेल तर ती आपली म्हणता येते का रे? मग गेम कसा काय आपला? पंचवीस वर्षं खोलीचे कागद पिशवीत घेऊन फिरलेल्या माणसांच्या वस्तीत हे बोलणं बरोबर काळजाला लागायचं. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही अशा बायकाही मान डोलवायच्या. नव्याने आलेले लोक त्याला सर म्हणायला लागले होते. त्याला ते आवडायचं. उगाच कशाला खोटं बोला, फारच आवडायचं.

आता यातली मेख ऐका. हा माणूस स्वतः तीन वर्षं मोठ्या दुकानात खेळत होता.

सुरुवात प्रामाणिकपणे झाली होती, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं. त्याने फाइलवाल्या दुकानातून ट्रक चालवायचा एक गेम घेतला. दोन रविवार झटला. ट्रक दिसायचा, इंजिनाचा आवाज यायचा, पण खाली रस्ताच नाही. काळ्या पोकळीत ट्रक तरंगतोय. तिसऱ्या रविवारी वैतागून तो मोठ्या दुकानात शिरला, म्हणाला एकदा बघू तरी. एक बटण दाबलं आणि समोर बर्फाचा घाट, काचेवर वायपर सरकतायत, लांबवर एका पुलाचे दिवे. फलटणजवळच्या गावापलीकडे एसटीने कधी न गेलेला किरण त्या दुपारी दोन देश ओलांडून आला. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. जेवला की खोलीतला पडदा ओढायचा आणि ट्रक काढायचा.

खात्याला नाव दिलं पिंपळपान, आणि चित्र लावलं पिंपळाच्या हिरव्या पानाचं. तेच पान त्याच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं आहे. दुकानाचं चिन्ह त्याने मशीनच्या पडद्यावरून काढलं, यादीतून काढलं, कुणी शेजारी येऊन बसलं तरी दिसू नये अशी व्यवस्था केली. दुकान मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायचं आणि आत गुपचूप बसून राहायचं. लपवलं इतकं बेमालूम की ते असं आपोआप सुरू होतं हे पुढे तो स्वतःच विसरला, आणि तिथेच त्याची वाट लागली.

त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. वाटायची म्हणून तर पायरीवरचा आवाज दर महिन्याला चढत गेला.

मनाली ओव्हाळ पुढच्या गल्लीतली. एकोणीस वर्षांची, मुलुंडच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचे आजोबा धोंडिराम ओव्हाळ विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिची चावी मनालीकडे असायची. सकाळी सहाला उघडायची, एक दिवस चुकवला नाही पोरीने. तिचं मशीन किरणनेच बनवून दिलेलं. लहानपणापासून ती त्याला काका म्हणायची आणि अरेतुरे करायची, काका तू बघ ना, काका तुला काय कळतं. सगळ्या वस्तीत त्याला तोंडावर वेड्यात काढणारी ही एकटी, आणि त्याचा शब्द खाली न पडू देणारीही हीच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळच्या वंदनेनंतर ती खुशीत पायरीवर आली. कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी तिची चौघांची टीम निवडली गेली होती. चौघांनी मिळून खाणीत उतरायचं, एकमेकांना सांभाळत वर यायचं, असा तो गेम. कुठल्या दुकानातून खेळता, असं किरणने विचारलं. तिने मोठ्या दुकानाचं नाव घेतलं. आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती. मग काय, किरणसरांना चेव आला. ज्या पोरीला मी स्वतः लिनक्स शिकवलं, ती भाड्याच्या घरात राहते म्हणून कौतुक करून घ्यायला येते, असं तो सगळ्यांदेखत बोलून गेला. लोक हसले. मनालीचा चेहरा उतरला.

मग बंद करू का खातं, असं तिने हळूच विचारलं.

"करून टाक," किरण म्हणाला. "तत्त्व म्हणजे तत्त्व."

तिने घरी जाऊन खरोखरच केलं. तिच्या सगळ्या गेमांसकट, चार वर्षांच्या मित्रांसकट खातं पुसून टाकायची विनंती पाठवली. दुकान तीस दिवस विचार करायला देतं. त्याच्या आत परत आलात तर सगळं जागच्या जागी, तीस दिवस उलटले की कायमचं पुसलं. आणि हे महाशय? हे घरी गेले, मटण-भात जेवले, पडदा ओढला आणि ट्रक काढला. त्या दिवशी पुलावर असा सूर्य उतरला होता की त्याने बटण दाबून स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. फोटोला नाव द्यायची कटकट नसते. मशीनच त्यावर तारीख आणि वेळ घालून मोकळं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मनाली त्याच्या घरी आली. दारातच उभी राहिली, चप्पलही काढली नाही. तिने फाइलवाल्या दुकानातून तोच गेम घेतला होता, खटपट करून चालवलाही होता, पण त्या दुकानातून मोठ्या दुकानातल्या टीमशी जोडता येत नव्हतं. फेस्टिव्हल आठवड्यावर. तिघं म्हणत होते, परत ये, नाहीतर दुसरीला घेतो. दोन दिवस हातात होते. हे सगळं एका दमात सांगून ती थांबली.

"काका, नक्की ना? तू म्हणशील तसं करते."

किरण मशीनपुढे बसलेला. आत, पडद्यामागे, दुकान नेहमीसारखं गुपचूप चालू होतं. एक वाक्य बोलायचं होतं. जा गं, उघड खातं, मी पण तिथेच आहे. एवढं म्हणाला असता तर पोरगी हसली असती, दोन दिवस चिडवलं असतं, आणि विषय संपला असता. पण पायरीवरची सात-आठ माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"नक्की," तो म्हणाला.

ती गेली. आतून भांडी घासता घासता चंपाबाईंनी हात थांबवून त्याच्याकडे बघितलं. दुपारी पडद्याआड हा काय टकटक करतो ते त्या माउलीला तीन वर्षं ऐकू येत होतं. मग तिने नळ पुन्हा सोडला. त्या रविवारी ट्रक चालवताना किरणचं लक्ष लागलं नाही. तरी चालवला.

टीमने दुसरी मुलगी घेतली. मनालीने कुणाकडे तक्रार केली नाही. फेस्टिव्हलच्या दिवशी ती अभ्यासिकेत बसून होती.

एप्रिल आला. जयंतीच्या आधीच्या रविवारी अभ्यासिकेत आठ कॉम्प्युटर बसवायचे ठरले. एका ऑफिसने काढून टाकलेले, पण चांगल्या स्थितीतले. काम अर्थातच किरणकडे. वेळ कमी, मशीन आठ. अशा वेळी जाणकार एक युक्ती करतात. एक मशीन मनासारखं तयार करायचं आणि त्याची जशीच्या तशी नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. किरणच्या स्वतःच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं होतं, मराठी टायपिंग, शब्दकोश, स्पर्धा परीक्षांचे जुने पेपर. मग नवीन कशाला तयार करा? त्याने आपल्याच मशीनची नक्कल काढली, मेल आणि कागदपत्रं पुसली, आणि आठही मशीनवर चढवली. आत लपून बसलेलं दुकानही त्या नकलेबरोबर जातंय, हे घाईत त्याला सुचलंच नाही. तपासताना दिसलंही नाही, कारण अभ्यासिकेत तेव्हा नेट आलं नव्हतं, आणि नेट नसलं की ते दुकान डोकं वर काढत नसे.

नेट आलं उद्घाटनाच्या सकाळी.

विहारात वंदना झाली, मंडळी वर आली. चाळीस-पन्नास माणसं, बायका पांढऱ्या साड्यांमध्ये, पेढ्यांचा बॉक्स फिरतोय. धोंडिरामबाबांनी आठ मशीन आठ मुलींच्या हातून सुरू करायला लावली. पहिल्या मशीनवर मनाली. पडदे उजळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या संपायच्या आत आठही पडद्यांवर एकदम एकच खिडकी उघडली. वर मोठ्या दुकानाचं नाव, त्याखाली 'पिंपळपान, पुन्हा स्वागत', पासवर्ड टाकायची जागा, आणि हिरवंगार पिंपळपान. आठ पानं, रांगेत.

नवं मशीन बघून दुकान ओळख विचारत होतं, एवढंच. पण किरणच्या हातातला पेढा हातातच राहिला. खाली जमीन आहे की नाही तेही त्याला कळेना.

मनालीने खिडकी बंद करायला माउस हलवला. मागे फोटोंचा फोल्डर दिसला, तोही पुसायचा राहून गेलेला. तिने उघडला. बर्फातला पूल, मावळता सूर्य, आणि खाली तारीख. फेब्रुवारीतला तो रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तिने ती तारीख वाचली. मग मान वळवून किरणकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, समोरचा माणूस ओळखीचा वाटतोय पण कोण ते आठवत नाही, अशी. मग तिने फोल्डर बंद केला.

हे गेमचं दुकान ना, असं मागून कुणीतरी म्हणालं. धोंडिरामबाबा पुढे आले. बाहत्तर वर्षांचा माणूस, पोस्टात टपालाची छाननी करत आयुष्य गेलं, आवाज चढवायची सवय नाही. अभ्यासिकेत हे कुणी घातलं, एवढंच त्यांनी विचारलं.

किरणने तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण त्याच्या आधी मनाली बोलली.

"बाबा, ते माझं आहे. मी टाकलं होतं."

धोंडिरामबाबांनी नातीकडे बघितलं, मग सगळ्या लोकांवरून नजर फिरवली. ती किरणवर जरा थांबली, की त्यालाच तसं वाटलं कोण जाणे. मग त्यांनी हात पुढे केला. मनालीने ओढणीच्या टोकाला बांधलेली चावी सोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. कुणीतरी घाईघाईने पेढ्यांचा बॉक्स पुन्हा फिरवला. आणि किरणने, सांगायलाही लाज वाटते, हातातला पेढा तोंडात टाकला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून टाकला.

घरी आल्यावर चंपाबाईंनी ताट वाढलं नाही.

"पोरीनं तुझी लाज झाकली," त्या म्हणाल्या, "आणि तू पेढा खाल्लास."

तो आठवडा कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. पहिल्याच दिवशी त्याने अभ्यासिकेतली मशीन साफ केली. मोठ्या दुकानाला पत्र लिहिलं, की अमुक मुलीचं खातं परत मिळेल का, चूक माझी आहे. सभ्य भाषेत उत्तर आलं, मुदत संपल्यावर परत आणता येत नाही. मग त्याला वाटलं तिच्यासाठी नवं खातं उघडावं, सगळे गेम भेट द्यावेत. मग स्वतःचंच हसू आलं. गेम देता येतील. टीममधल्या तिघांबरोबर खाणीतून वर येण्याचा तो दिवस कुठल्या दुकानात मिळतो? कारखान्यात साहेबाने दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही. गल्लीत मनाली समोरून आली तेव्हा तो सरळ शेजारच्या किराणा दुकानात घुसला आणि नको असलेली काडेपेटी घेऊन बाहेर आला. सकाळी सहाला अभ्यासिका आता धोंडिरामबाबा उघडत होते, गुडघे धरत, दोन जिने चढून. किरण खिडकीतून ते रोज बघायचा.

रविवारी वंदना संपली आणि लोक उठायच्या बेतात असताना तो उभा राहिला. पायरीवर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिलं वाक्य सापडेना. मग त्याने सगळं सांगितलं, चोरून खेळलेली तीन वर्षं, मशीनची नक्कल, पुलाचा फोटो. शेवटी अठ्ठाविसाव्या दिवसाशी आला.

"तिने मला विचारलं होतं. तेव्हा अजून दोन दिवस होते. मला माहीत होतं, तरी मी नक्की म्हणालो. तुम्ही हसाल म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

धोंडिरामबाबा सावकाश म्हणाले, "ते पान तुझ्या स्कूटरवर मी रोज बघतो, किरण. त्या दिवशीच कळलं होतं. तिची चावी घेतली, कारण ती खोटं बोलली. तुझ्यासाठी बोलली, तरी खोटंच ते. तू सात दिवस घेतलेस." त्यांनी खिशातून चावी काढून मनालीला दिली आणि सतरंजी आवरायला घेतली.

एवढंच. शिव्या नाहीत, शिक्षा नाही. लोक पांगले. दोन-तीन पोरांनी जाता जाता विचारलंच, मग आता गेम घ्यायचा तर दुकान कुठलं? सवयीने सगळे किरणकडे बघायला लागले. मनालीला विचारा, असं तो म्हणाला. मनालीने सरळ सांगितलं. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर मोठं, एकट्याने खेळायचं आणि जपून ठेवायचं असेल तर फाइलवालं, आणि भाड्याने घेतलं असेल तर भाड्याने घेतलंय म्हणून सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तीन वर्षं किरण जे तासतासभर बोलत होता, ते तिने एका मिनिटात संपवलं. तेही बरोबर.

मग ती वर गेली आणि तोही तिच्या मागे गेला. तिला एकटीला काहीतरी म्हणायचं होतं, काय ते ठरलं नव्हतं. तिने कुलूप काढलं, पंखे लावले, आठही मशीन सुरू केली. एकही खिडकी उघडली नाही. सहाव्या मशीनवर मराठी टायपिंग येत नव्हतं. तिने दोनदा बटणं दाबून बघितली, मग मागे वळली. पूर्वी ती म्हणाली असती, काका, तू काय घोळ घातलायस बघ. किरण त्याची वाट बघत होता. नुसतं काका म्हणाली असती तरी त्याला पुरलं असतं.

"सर," ती म्हणाली, अगदी नीट, अगदी अदबीने, "हे जरा बघता का तुम्ही?"

त्याने बघितलं. दोन मिनिटांचं काम होतं, ते त्याने केलं.